व्हेरिएबल डिक्लेअर करतानाच शून्य टाकायचं का?

कृष्णाकाठ
सांगलीत डिप्लोमाच्या पोरांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. माझा नियम एकच: व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायची नावाची जागा, डिक्लेअर केलं की त्याच ओळीत किंमत द्यायची, काही सुचत नसेल तर शून्य. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल आपोआप शून्य होतात, फंक्शनमधलं साधं लोकल होत नाही. स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, आधीचा जो कचरा पडलेला असेल, तोच बहुतेक वेळा त्यात सापडतो. म्हणून बेरीज घरच्या लॅपटॉपवर बरोबर आणि लॅबमध्ये भलतीच. तोंडीला पोरगं म्हणतं, ‘सर, घरी चालत होतं.’ खोटं बोलत नसतं बिचारं. एका शून्यात सगळं मिटतं. कुणाची हरकत?

हळदपेठ
माझी आहे सर. मिटत नाही, झाकलं जातं. हळदीच्या सौद्यांचा हिशेब ठेवणारं एक सॉफ्टवेअर माझ्याकडं दुरुस्तीला आलं होतं. दिवसाचा सगळ्यात कमी दर काढायचा, आणि आधीच्या गड्यानं वर लिहून ठेवलेलं, किमान = 0. पुढं लूपमध्ये प्रत्येक दर त्याहून कमी आहे का बघायचं. आता क्विंटलला 11,000 असो नाहीतर 14,500, शून्याच्या खाली कोण जाणार? रिपोर्टात किमान दर रोज 0. तिथं पहिल्या सौद्याचा दर टाकायला पाहिजे होता. जागा मोकळी सोडली असती तर वॉर्निंग चालू ठेवल्यावर कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) तरी ओरडला असता. शून्य टाकून त्याचंही तोंड बंद केलं.

कृष्णाकाठ
किमान-कमाल सोडा हो. बेरजेला, मोजणीला शून्यच लागतं ना? आणि कंपायलरचा काय भरवसा? व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला की तो बऱ्याचदा गप्प बसतो.

अजिंक्यतारा_जावा
साताऱ्याहून रामराम. हे भांडण तुमच्या सीचं आहे. जावा भाषेत किंमत न देता लोकल वाचलं तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. खरा घोळ ऑब्जेक्टचा, कारण त्याच्या फील्डना, म्हणजे आतल्या व्हेरिएबलना, गुपचूप 0, फॉल्स नाहीतर नल (‘काहीच नाही’) मिळतं. ऑब्जेक्ट तयार करणारा कन्स्ट्रक्टर रिकामा, मग एकेक फील्ड भरणारे दहा सेटर, त्यातला एक राहतो. बिल छापताना ग्राहकाचं नाव नल निघतं, आणि चूक तिथून कोसभर लांब झालेली असते. जे लागतं ते कन्स्ट्रक्टरमध्येच मागून घ्या. नल रेफरन्स 1965 साली आणणाऱ्या संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी स्वतःच 2009 मध्ये त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलंय.

हळदपेठ
कन्स्ट्रक्टरचं पटलं. पण सी++मध्ये तिथंही मेख आहे. मेंबर, म्हणजे तिथली फील्डं, ज्या क्रमानं क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या आराखड्यात) लिहिलेत त्याच क्रमानं भरले जातात, कन्स्ट्रक्टरच्या यादीचा क्रम कुणी विचारत नाही. ‘रक्कम’ वर आणि ‘वजन’, ‘दर’ खाली असतील, तर यादीत रक्कम शेवटी लिहूनही गुणाकार कचऱ्याचाच.

कृष्णाकाठ
बरं, मग पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगू काय?

हळदपेठ
खरी किंमत हातात येईल त्याच ओळीवर डिक्लेअर करा. सी99पासून, म्हणजे सीच्या 1999च्या मानकापासून, ब्लॉकच्या मधे कुठंही चालतं.

कृष्णाकाठ
आमच्या लॅबमध्ये टर्बो सी आहे, सी99च्या आधीचा कंपायलर.

हळदपेठ
मग टाका शून्य.