मदत हवी आहे : ४४ व्या वर्षी अकाउंट्स सोडून बांधकाम साइटवर जायचंय, जमेल का?

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, वय ४४. २००१ ला पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला, फर्स्ट क्लास होता, पण लगेच लग्न, मग मुलगी, मग सासऱ्यांचं आजारपण, आणि सिव्हिल राहिलं ते राहिलंच. पुढे ओळखीने सातपूरला एका कंपनीत अकाउंट्सला चिकटले ती आजपर्यंत. टॅली, जीएसटी, टीडीएस, पीएफ सगळं झोपेतही करीन. आता कंपनी चाकणला हलतेय आणि मला नाशिक सोडायचं नाहीये. मुलगीही बारावीनंतर पुण्याला जाईल, म्हणजे घरचा व्याप निम्मा.

हे खूळ कुठून आलं तर मागच्या वर्षी पाथर्डी फाट्याजवळ आमचं घर बांधलं. ह्यांना सुट्टी मिळत नाही म्हणून ऑफिसच्या आधी आणि नंतर साइटवर मीच. ड्रॉइंग हातात घेतलं आणि जुनं सगळं भराभरा आठवायला लागलं. स्लॅबच्या आदल्या दिवशी टेप घेऊन बीमवर वाकले, तर ड्रॉइंगमध्ये कॉलमजवळ रिंगा (बीमच्या गजांभोवतीचे आडवे वेढे) १०० एमएमवर दाखवलेल्या आणि सळ्या बांधणाऱ्या फिटरने सरसकट सहा इंचावर, म्हणजे दीडशेवर, बांधलेल्या. म्हणाला मॅडम चालतं, सगळीकडे असंच बांधतो. म्हटलं भूकंपात पहिला मार तिथेच बसतो, रिंगा वाढव, नाहीतर उद्या काँक्रीटची गाडी येणार नाही. कुरकुरला, पण रात्री हॅलोजन लावून वाढवल्या. दुसऱ्या दिवशी स्लॅबवाले मिक्सरच्या ड्रायव्हरला "ढिला कर, ढिला कर" म्हणून काँक्रीटमध्ये पाणी मारायला लावत होते, त्याने ताकद जाते म्हणून तेही बंद पाडलं. खरं सांगते, अठरा-वीस वर्षं लेजर जुळवताना एवढी मजा कधी आली नव्हती.

तर आता प्रश्न. दोन-तीन कॉन्ट्रॅक्टरांना भेटले. एक म्हणाले बिलिंगला बसा, एसीत बसून काम. दुसऱ्यांनी आधी वय विचारलं आणि मग चहा विचारला. घरचे म्हणतात इंटिरिअर कर, बायकांना शोभतं. मला साइटवरच जायचंय हो. या वयात ज्युनियर म्हणून कोण घेतं का? मधल्या काळात काय काय बदललंय, कारण आम्ही शिकलो तेव्हा आयएस ४५६ ची (काँक्रीटच्या कामाचा भारतीय कोड) २००० ची आवृत्ती नवीनच होती आणि सर जुन्या नोट्सवरूनच शिकवायचे, घरांना एम-१५ (कमी ताकदीचं काँक्रीट) सर्रास चालायचं. कोर्स करावा का? आणि टॉयलेटचं काय करतात बायका साइटवर, हे मला कोणी सरळ सांगतच नाहीये.

प्रतिसाद : बिलिंगबुवा

ताई, बिलिंगला नाही म्हणू नका, तुम्हाला वाटतं तसं ते एसीतलं काम नाही. छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे बिलिंगवालाच साइटवर जाऊन मापं घेतो आणि लेबर कॉन्ट्रॅक्टरशी भांडतो पण तोच. प्लास्टरच्या बिलाचंच घ्या. दोन्ही बाजूला सारखंच प्लास्टर असेल तर आयएस १२०० (बांधकामाच्या मोजणीचा कोड) प्रमाणे अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची (दार, खिडकी) वजावट नाही, त्यापुढे ३ पर्यंत एकाच बाजूची वजावट आणि जांबाचे (ओपनिंगच्या आतल्या कडांचे) वेगळे पैसे नाहीत, ३ च्या वर दोन्ही बाजूंची वजावट आणि जांब मोजून द्यायचे. १ बाय २.१ चा दरवाजा म्हणजे २.१ चौमी, एकच बाजू वजा. लेबरवाला म्हणणार काहीच वजा करू नका, मालक म्हणणार दोन्ही वजा करा, आणि मध्ये तुम्ही. वर्क ऑर्डरमध्ये मोजणीची पद्धत काय लिहिलीय ते आधी बघायचं, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

बार बेंडिंग शेड्यूल (कुठला गज, किती लांब, किती नग याची यादी) हाताने काढायची सवय करा. डी स्क्वेअर भागिले १६२ (डी म्हणजे गजाचा एमएममधला व्यास, उत्तर मीटरला किलो) आठवत असेलच, १२ एमएमचा १२ मीटरचा गज साडेदहा किलोच्या थोडा वर जातो. आलेलं स्टील, बांधलेलं स्टील आणि भंगार यांचा मेळ घालणारा माणूस मालकाला देवासारखा वाटतो, आणि मेळ घालणं तर तुमचा धंदाच आहे. सहा-आठ महिने हे करा, साइट आपोआप मिळेल. पगार मात्र सुरुवातीला आत्ताच्यापेक्षा कमी मिळेल, ती तयारी ठेवा.

प्रतिसाद : हेल्मेटवाली

मी पनवेलला साइट इंजिनियर आहे, वयाने तुमच्यापेक्षा लहान, तरी सांगते. टॉयलेटचा प्रश्न इंटरव्ह्यूलाच विचारा, अजिबात लाजू नका. साइटवर पुरेशी शौचालयं द्यायची हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यापासून मालकावर बंधनकारक आहे, पण छोट्या साइटवर पत्र्याची एक खोली असते आणि तिला कडी नसते. मोठ्या साइटवर ऑफिस कंटेनरला असतं, त्याची चावी स्वतःकडे ठेवायची. पाणी न पिता दिवस काढू नका, मी तेच केलं आणि युरिन इन्फेक्शन घेऊन बसले.

लेबर ऐकत नाही हा बाऊ आहे. मुकादमाला चारचौघांत झापू नका, बाजूला घेऊन सांगा. आणि चूक दाखवताना ड्रॉइंग हातात पाहिजे. तुम्ही रिंगा वाढवून घेतल्यात ना, मग झालं की. त्रास देतात ते आपलेच शिकलेले सिनियर, ते "मॅडम उन्हात कशाला" म्हणत म्हणत स्लॅबच्या दिवशी आपल्याला ऑफिसात बसवतात. तेव्हा न सांगता वर जायचं.

प्रतिसाद : सिन्नरकर

इंटिरिअरला एवढं वाईट का म्हणताय, पैसे तिथेच आहेत. असो. बिल्डरकडे जाणार असाल तर महारेराचं (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) काम शिकून घ्या. दर तिमाहीला प्रोजेक्टची प्रगती अपलोड करावी लागते, आर्किटेक्ट, इंजिनियर आणि सीए अशा तिघांची सर्टिफिकेटं लागतात आणि तिघांचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. सिव्हिल आणि अकाउंट्स दोन्ही कळणारं माणूस त्यांना सापडत नाही. त्या दाराने आत शिरा. कोर्सचं म्हणाल तर महागडं काही नको, ऑटोकॅड आणि एक्सेल बास. कोड घरी वाचा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. @सिन्नरकर, इंटिरिअर वाईट नाही हो, मला फक्त पडदे निवडायचा कंटाळा आहे. रेराचं डोक्यातच आलं नव्हतं.

@बिलिंगबुवा, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्याच घराचं प्लास्टरचं बिल काढून बसले. त्यात दरवाजे-खिडक्यांची शून्य वजावट आहे. आता वर्क ऑर्डर शोधतेय.

मखमलाबादला एक कॉन्ट्रॅक्टर आहेत, तीन मजली दोन बिल्डिंगा चालू आहेत, त्यांना फोन केला. बिलिंगला येते पण मापं मी स्वतः घेणार आणि स्लॅबच्या आधी स्टील चेकिंगला मला न्यायचं, असं सांगितलं. सोमवारी या म्हणालेत, पगाराचं समोरासमोर बोलू. टॉयलेटचंही फोनवरच विचारलं, तर जरा गप्प झाले आणि मग म्हणाले कडी लावून घेतो.

@हेल्मेटवाली, एक राहिलंच. सेफ्टी शूज पाच नंबरचे कुठे मिळतात? इथे दोन दुकानं फिरले, दोघांकडे सहाच्या खाली काहीच नाही आणि एकजण मला म्हणाला शाळेचे घ्या.