मदत हवी आहे : थकलेला पगार, चिडलेले अधिकारी आणि आपला शनिवारवाडा

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा छोटा वाचनकट्टा आहे. पुढच्या रविवारी मला न्यूबर्गच्या (न्यूयॉर्कमधली अमेरिकन सैन्याची छावणी) प्रसंगावर बोलायचंय. १७८३ सालची गोष्ट. अमेरिकन सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे पगार तुंबलेले, १७८० मध्ये कबूल केलेलं निवृत्तीनंतरचं अर्धवेतनही अधांतरी, कारण काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) कर लावायचा अधिकारच नव्हता. मग निनावी पत्रकं फिरली, त्यांत काँग्रेसला उघड धमकी. १५ मार्चला सरसेनापती वॉशिंग्टन स्वतः बैठकीत गेले. भाषण झालं, मग एक पत्र वाचायला त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला : तुमच्या सेवेत केस पिकले, आता नजरही चालली, अशा अर्थाचं बोलले. अधिकारी विरघळले! त्याच डिसेंबरात त्यांनी सेनापतिपद काँग्रेसला परत केलं.

हे सांगताना गारदी आठवणारच. ३० ऑगस्ट १७७३ला तेही थकलेल्या पगाराच्या नावाखाली शनिवारवाड्यात घुसले होते आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ('ध चा मा' बाजूला ठेवू, आनंदीबाईंची आनंदवल्ली आमच्या शेजारीच आहे!) पण ही तुलना टिकते का? गारदी भाडोत्री, ते अधिकारी स्वतःच्या देशाचे.

पेशवाईतल्या सैन्याच्या थकबाकीवर मराठीत नीट काय वाचावं? आणि देवळालीकडचे कुणी निवृत्त अधिकारी लष्करावरच्या नागरी नियंत्रणाबद्दल कट्ट्यावर दहा मिनिटं बोलतील का? चहा-भजी आमच्याकडे.