एक्सेलमधल्या एआयकडून बेरीज करून घेऊ नका, सूत्र लिहून घ्या

खतावणी (धरमपेठ)
आमचं नागपुरात करसल्ल्याचं ऑफिस आहे. ग्राहक बहुतेक इतवारी-गांधीबागचे व्यापारी आणि हिंगण्याचे लहान कारखानदार. १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटीच्या पोर्टलवरची यादी येते; मासिक विवरणवाल्यांचा ३बी, म्हणजे कर भरण्याचं विवरण, २० तारखेपर्यंत भरायचं. मधल्या दिवसांत खरेदी रजिस्टर आणि २बी जुळवणं, हेच आमचं खरं काम. आणि ते सहजी कधी जुळत नाही. पुरवठादाराने बिल क्रमांक 'जीबी/०२३/२५-२६' टाकलेला असतो, आपल्या माणसाने टॅलीत नुसता '२३' मारलेला असतो. एक्सेलचं जुळणारी नोंद शोधणारं फंक्शन, व्हीलुकअप, तिथे हात टेकतं.

आता ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्येच एआय सहायक आला आहे. पण मी त्याला सगळं रजिस्टर देऊन 'जुळवून दे' असं म्हणत नाही. सांगते की बिल क्रमांकातला मधला आकडा काढ, पुढची शून्यं उडव, त्याला जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक) आणि करपात्र रक्कम जोड, आणि हे करणारं सूत्र लिहून दे. ते सूत्र आधी चार-दोन वाकड्या बिलांवर चालवून बघते, मग खाली ओढते. चुकलं तर कुठे चुकलं ते दिसतं. 'जुळवून दे' म्हटलं की तयार यादी येते, आणि ती बरोबर आहे का हे बघायला पुन्हा सगळं जुळवावं लागतं.

मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सेलमध्ये कोपायलट नावाचं फंक्शनच आणलं. तेव्हा त्यांनीच बजावलं होतं की आकडेमोडीला, किंवा दर वेळी तेच अचूक उत्तर हवं अशा कामाला ते वापरू नका. बनवणाराच सांगतो आहे, आणि आपल्याकडे लोक ताळेबंद त्याच्या हवाली करतात.

माझं म्हणणं एवढंच की करण्यापेक्षा तपासायला कमी वेळ लागतो, तेच काम त्याला द्यावं. ऑफिसात यावरून दोन तट पडले आहेत, म्हणून इथे विचारते.

सावजी_रस्सा
ताई, तुमचं बरोबर आहे, पण ते फक्त तुमच्यासाठी. तुम्हाला सूत्र वाचता येते. ज्याला वाचता येते त्याचं एआयवाचून काही अडत नाही. ज्याचं अडते, त्याला तपासता येत नाही. मंग हा नियम पाळणार कोण?

आणि आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या उमेदवारीला येणारी पोरं? आम्ही रात्र रात्र बसून बिलं जुळवली, म्हणून आज रजिस्टर नुसतं चाळलं तरी कुठे पाणी मुरते ते कळते. आजचा पोरगा पहिल्या दिवसापासून सूत्र मागून राहिला. पाच वर्षांनी तपासायला बसणार कोण, सांगा बरं.

मिहान_सेकंड_शिफ्ट
भाऊ, सगळं ऑफिस म्हणजे जीएसटी नाही ना. आमच्याकडे गोंदिया, गडचिरोलीकडून आलेली पोरं आहेत. कामात एक नंबर, पण परदेशातल्या क्लायंटला इंग्रजी मेल लिहायचा म्हटलं की घाम फुटतो. आधी दर मेल लीडकडून तपासून घ्यायचे. आता कच्चा मेल स्वतः लिहितात, भाषा सहायकाकडून नीट करून घेतात आणि पाठवतात. मिटिंगमध्ये तोंड उघडायला लागले तेही त्यानंतरच. याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडता?

ब्रिटिश सरकारने २० हजार कर्मचाऱ्यांना तीन महिने मायक्रोसॉफ्टचा एआय सहायक कोपायलट देऊन पाहिला. २०२५ मध्ये अहवाल आला, माणशी रोज सरासरी २६ मिनिटं वाचली.

नोटशीट_निवृत्त
ती २६ मिनिटं कर्मचाऱ्यांनी स्वतःच अंदाजाने सांगितलेली आहेत, घड्याळ लावून मोजलेली नाहीत. त्याच सरकारच्या व्यवसाय आणि व्यापार खात्याने आपली वेगळी चाचणी घेतली. त्यांच्या अहवालात उत्पादकता वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. मेल आणि मिटिंगच्या सारांशात वेळ वाचला, पण एक्सेलमधल्या विश्लेषणाला कोपायलटवाल्यांना उलट जास्त वेळ लागला आणि कामाचा दर्जाही घसरला. म्हणजे खतावणीताईंच्या आणि तुमच्या अशा दोन्ही गोष्टी त्या एकाच अहवालात आहेत.

माणसाचा स्वतःच्या वेळेचा अंदाज किती फसवा असतो, तेही पाहा. अमेरिकेतल्या मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांवर प्रयोग केला. एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वेळ वाचला. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. आमच्याकडे संगणक आले तेव्हाही फायली कमी होतील असं सांगितलं होतं.

बर्डीचा_टायपिस्ट
तुम्ही सगळे इंग्रजीत काम करणारे. आमच्याकडे या बाप्पा, डिसेंबरमध्ये.

हिवाळी अधिवेशन आलं की तारांकित प्रश्नांची उत्तरं, लक्षवेधीच्या टिपण्या, सगळं मराठीत. आधार घ्यायचा गेल्या वर्षीच्या उत्तराचा, आणि ते बसलं आहे कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देते. सहायकाला ती फाइल दिली की त्याला तो इंग्रजी कचराच दिसते. पण 'मला वाचता येत नाही' असं दर वेळी म्हणतच नाही हा पठ्ठा. कधी कधी फाइलच्या नावावरून अंदाज बांधून झकास सारांश देते, जो फाइलीत कुठंच नाही.

आधी सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलच्या पोटातही मराठीच अक्षरं राहतील असं आणा, मंग एआयच्या गोष्टी करा. ते काम कोणी करत नाही, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

मिहान_सेकंड_शिफ्ट
हे मात्र पटलं. पण सरकार अगदीच मागे आहे असंही नाही. पोलिसांच्या कामात एआय आणायला राज्य शासनाने २०२४ मध्ये 'मार्व्हेल' कंपनी काढली, ती नागपुरातच.

नोटशीट_निवृत्त
आणि केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ ला परिपत्रक काढून सांगितलं की ऑफिसच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका, गोपनीय माहितीला धोका आहे. ताई, तुमच्याकडे तर लोकांचे पॅन आणि उलाढाल असते. त्याचं काय करता?

खतावणी (धरमपेठ)
सूत्र लिहून घ्यायला खरा डेटा लागतच नाही. रकान्यांची नावं आणि पाच-सात खोट्या ओळी पुरतात. 'जुळवून दे' म्हणायला मात्र सगळं रजिस्टर द्यावं लागतं. माझ्या पद्धतीचा हा फायदा वर लिहायचा राहिला. फुकटच्या चॅटबॉटमध्ये ग्राहकाची शीट टाकायला ऑफिसात बंदीच आहे.

सावजीभाऊ, पोरांबद्दलचं तुमचं म्हणणं वजनदार आहे. नवीन मुलाला पहिला महिना सहायक देत नाही. हातानेच जुळव म्हणते.

बुटीबोरी_प्लॉट_नं
आकड्यांवरून एक सांगतो. आमच्या साहेबांनी मराठी टिपणावरून परदेशी ग्राहकासाठी इंग्रजी कोटेशन बनवून घेतलं. टिपणात 'साडेबारा लाख' होतं, सहायकाने '१२.५ मिलियन' लिहिलं. म्हणजे सव्वा कोट! भाषा अशी फर्डी की कोणी दुसऱ्यांदा वाचलंच नाही. ग्राहकाचाच फोन आला, एवढं महाग काऊन म्हणून. मिहानवाले भाऊ, मेल नीट करून घ्या खुशाल, पण आकडा असलेली ओळ स्वतःच्या हाताने लिहा.

सावजी_रस्सा
पहिला महिना? ताई, पहिलं वर्ष म्हणा. आणि ३बीची तारीख उद्यावर आली की हा नियम कोण पाळते, तेही सांगा.

खतावणी (धरमपेठ)
वर्षभर नाही जमणार. ज्या फर्ममध्ये सहायक पहिल्या दिवसापासून मिळतो, तिकडे पोरं जातात. महिना झाल्यावर सहायक देते, पण सूत्रातला प्रत्येक भाग काय करतो हे सांगता आलं तरच शीट पुढे जाते. तारीख उद्यावर असली तरी.

सावजी_रस्सा
मला नाही पटलं. समजावून सांगणं आणि स्वतः बनवणं यात फरक राहते. तोंडी परीक्षेत पोरं पास होतातच.

बर्डीचा_टायपिस्ट
ते ठीक, पण ताई, ते सूत्र आमच्या एक्सेल २०१६ वर चालते का? पोरीच्या दुकानाचं रजिस्टर आहे.

खतावणी (धरमपेठ)
तसंच्या तसं नाही चालणार. त्यात टेक्स्टस्प्लिट आणि एक्सलुकअप आहे, २०१६ मध्ये दोन्ही नाहीत. सहायकाला पहिल्याच ओळीत सांगा की एक्सेल २०१६ आहे, मिड, फाइंड आणि इंडेक्स-मॅच वापरून लिही. नाही सांगितलं तर तो नवी फंक्शन्स देतो आणि सेलमध्ये नुसती नेम एरर येते. आणि बिल क्रमांकाचा रकाना आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर '१२/२५' ची एक्सेल तारीख करून टाकतं.