चर्चा धागा: केंटरबरीचा बोगदा कुणाच्या पैशाने झाला?

रानवारा
सह्यकडा यांचा परवाचा लेख दोनदा वाचला आणि राहवेना, म्हणून वेगळा धागा काढते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १८५३ ते १८७६ या काळात न्यूझीलंडच्या प्रांतांनी बंदर, जमीन, मेंढ्या हा सगळा कारभार आपल्या हातात ठेवला, दक्षिण बेटावरच्या केंटरबरी प्रांताने त्यातून रेल्वे आणि बोगदा उभा केला, आणि केंद्राने प्रांत मोडून सोन्याची अंडी देणारी कोंबडी कापली.

अंडी कुठून आली, हे लेखात कुठेच नाही. १८४८ साली केम्प या अधिकाऱ्याने केलेल्या खरेदीखताने सरकारने दक्षिण बेटावरच्या नाई ताहू या माओरी जमातीची सव्वा कोटी एकरांहून जास्त जमीन २,००० पौंडांना घेतली. त्यांच्यासाठी राखून काय ठेवलं, तर ६,३५९ एकर. पुढे केंटरबरी प्रांत तीच जमीन २ पौंड एकराने विकत होता. म्हणजे १,००० एकर विकले की अख्ख्या सौद्याची रक्कम वसूल! याला कार्यक्षम कारभार म्हणायचं?

मी क्राइस्टचर्चला ११ वर्षं राहते. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या माओरी आजी मला ‘ते वाइहोरा’ नावाच्या तळ्यावर घेऊन गेल्या. त्यांच्या आजीच्या वेळी तिथे वाम मासा इतका असे की तो वाळवून वर्षभर पुरायचा. मग कुरणांसाठी आणि शेतीसाठी पाणथळ जागा उपसल्या. आजींनी हात लांब करून दाखवलं, पाणी कुठपर्यंत होतं ते. तिथे आता कुंपण आहे आणि गाई चरतात.

सह्यकडा
माझ्या लेखाचा विषय प्रशासन होता, जमीन संपादन नव्हे. केम्पचा सौदा १८४८ चा आणि प्रांत आले १८५३ ला. प्रांतांच्या जन्माआधीचं पाप त्यांच्या माथी कसं मारता?

आणि काम काय केलं ते तरी बघा. लिटलटन बंदर डोंगराच्या एका अंगाला, क्राइस्टचर्च शहर दुसऱ्या अंगाला. काही हजार वस्तीच्या प्रांताने कर्ज काढून ज्वालामुखीच्या कड्यातून २.६ किलोमीटरचा बोगदा खणायला घेतला. पहिले कंत्राटदार कठीण खडक लागताच काम सोडून गेले. सुपरिंटेंडेंट, म्हणजे प्रांताचे प्रमुख, मूरहाउस यांनी माघार घेतली नाही, प्रांताने हास्ट यांच्यासारखा स्वतःचा भूवैज्ञानिक नेमला, आणि डिसेंबर १८६७ मध्ये बोगद्यातून गाडी धावली. दूर बसलेल्या केंद्राने हे केलं असतं? ११ वर्षं राहिल्याने इतिहास कळतोच असं नाही.

दर्यावर्दी
बोगद्याबद्दल सह्यकडांच्या बाजूने. मी जहाजावर इंजिनात होतो, लिटलटनला दोनदा लागलो. बंदर म्हणजे खोल वाटी, चहूकडे उघडे कडे. सुट्टीत डोंगरावरची जुनी पायवाट, ब्रायडल पाथ, चढलो, वर पोचेपर्यंत दम लागला. १८५० च्या डिसेंबरात चार जहाजांतून उतरलेल्या बायका पोरांना कडेवर घेऊन याच वाटेने गेल्या. जड सामान छोट्या होड्यांतून समनरच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावरून हीथकोट नदीत न्यावं लागे. दांड्यावर होडी उलटली की वर्षाची लोकर समुद्रात. मी कोकणातला, खाडीच्या तोंडाशी गाळ काय करतो ते लहानपणापासून बघितलंय. बोगद्याची किंमत मला कळते.

पण रेल्वेच्या रुंदीचं काय, सह्यकडा? केंटरबरीचे रूळ ५ फूट ३ इंच, साउथलंडचे ४ फूट साडेआठ इंच. एकच बेट, आणि डबे एकमेकांच्या रुळांवर चालू शकत नाहीत. साउथलंडने तर लाकडी रूळ टाकले, ते पावसात गेले, प्रांत कर्जात बुडाला आणि १८७० ला शेजारच्या ओटागो प्रांतात परत विलीन झाला. शेवटी ३ फूट ६ इंचांची एकच रुंदी केंद्राने लादली, तेव्हा कुठे गाडं रुळावर आलं.

घोंगडी
मेंढ्यांवर कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. माझे आजोबा माण तालुक्यातले, दीडशे मेंढरं. एका वर्षी बाजारातून आणलेल्या एका मेंढीला खरूज होती. महिन्याभरात वाडाच्या वाडा बाभळीला अंग घासत उभा, लोकरीचे पुंजके काट्यांवर लटकलेले. आजोबा रात्र रात्र करंजाचं तेल चोळायचे. निम्मी मेंढरं गेली. तेव्हा मी सात वर्षांचा होतो.

केंटरबरीच्या प्रांत सरकारने खरजेचे निरीक्षक नेमले, उत्तरेला हुरुनुई नदीवर हद्द राखली, आजारी कळप आत येऊ नये म्हणून. गंधक आणि तंबाखूच्या पाण्यात मेंढ्या बुडवायला लावल्या. हे राजधानीतून होत नाही. कळप ओळखणारा माणूस जवळच लागतो. आमच्याकडे तेव्हा असा एक जरी असता!

रानवारा
घोंगडी, आजोबांचं वाचून गलबलून आलं. पण ग्लेनमार्कचा जॉर्ज मूर विसरू नका. हुरुनुईच्या अलीकडचा, प्रांतातलाच बडा मालक. त्याच्या कळपात वर्षानुवर्षं खरूज होती. दंड भरायचा आणि तसाच राहायचा. लोक त्याला ‘खरजेला मूर’ म्हणत. निरीक्षक जवळ होता की! मोठ्या मालकाला नुसती दंडाची पावती.

सातबारा
मूळ मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. मी ३१ वर्षं मोजणीत काढली, म्हणून सांगतो. केंटरबरीत २० एकर किंवा जास्त जमीन ठरल्या भावाने सरळ घेता यायची. तुकडा २० पेक्षा कमी असला की लिलाव. रनवाल्यांनी, म्हणजे सरकारी कुरणं भाडेपट्ट्याने घेतलेल्या मेंढीमालकांनी, काय केलं? २० घ्यायचे, १९ सोडायचे, पुन्हा २० घ्यायचे. नकाशावर जाळी दिसते. ४० पौंडांत ३९ एकर अडकले, कारण मधल्या १९ साठी कुणी लिलावाला आलं तरी चहूकडून वाट बंद. शिवाय ओढे, पाणवठे, खिंडी आधीच टिपून घेतलेल्या. पाणी गेलं की आजूबाजूची हजार एकर आपोआप त्याचीच.

कायदा करणारे कोण? प्रांत परिषदेत बसलेले रनवालेच.

मी हे प्रत्यक्ष बघितलंय, आपल्याकडे. रस्त्याकडेची दोन गुंठ्यांची पट्टी एकाने घेतली, मागे एका विधवेचे आठ एकर. तुकडेबंदी कागदावर होती, पट्टी दुसऱ्याच नावाने फिरली. हद्दीचे दगड मीच रोवले. बाई बांधावर उभी होती, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. म्हणाली, “भाऊ, मी आता कुठून जाऊ?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कागद बरोबर होता.

सह्यकडा
ही जाळीवाली खरेदी मला माहीत होती, लेखात घ्यायला हवी होती. एवढं मान्य. पण सातबारा, पळवाटा केंद्राच्या कायद्यातही असतातच ना?

सातबारा
असतात. पण जिथे कायदा करणारा, भाडेपट्टा घेणारा आणि लिलावाला हजर राहणारा एकच माणूस असतो, तिथे पळवाट चुकून राहत नाही. सांभाळून ठेवली जाते. जवळचं सरकार चांगलं असं तुम्ही म्हणता. जवळ कुणाच्या, ते आधी सांगा. त्या बाईच्या जवळ तलाठी होता, सर्कल होता, मीही होतो.

दर्यावर्दी
सह्यकडा, तुम्ही रेल्वेच्या रुंदीवर बोलायचं टाळलंत.

घोंगडी
रुंदी राहू द्या हो. नाई ताहूंचं पुढे काय झालं, ते कुणी सांगेल का?

रानवारा
दीडशे वर्षं अर्ज, चौकशा, पुन्हा अर्ज. १९९१ ला माओरींचे दावे तपासणाऱ्या वाइटांगी न्यायाधिकरणाचा अहवाल आला, १९९८ ला समझोता: सरकारची माफी आणि १७ कोटी डॉलर. तळ्याचा तळ त्यांच्या नावावर परत आला. वाम मात्र पूर्वीसारखी नाही, आजींनी स्वतः सांगितलं.

आणि सह्यकडा, प्रांतांच्या जन्माआधीचं पाप म्हणता, तर राखीव जमीन अपुरी आहे हे प्रांतांच्या काळात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हाही विक्री थांबली नाही. तो पैसा घेणारा हात प्रांताचाच होता.

सह्यकडा
ठीक आहे. ११ वर्षांबद्दलचं वाक्य लिहायला नको होतं, ते मागे घेतो. जमिनीच्या उत्पन्नाचा परिच्छेद मी पुन्हा लिहीन, केम्पचे २,००० पौंड आणि २०-१९ ची जाळी दोन्ही घालून. बोगद्याबद्दल आणि मूरहाउसबद्दल एक शब्द बदलणार नाही.

सातबारा
परिच्छेद लिहाल तेव्हा एखाद्या रनचा जुना नकाशाही लावा. पट्ट्या दिसल्या की पुढचं मी सांगतो.