मदत हवी आहे: जी-टी जोडी चुकीची आहे हे पॉलिमरेजला कळतं कसं?

राजारामपुरीकर
मंडळी, कोल्हापुरात बारावी सायन्सचे क्लास घेतो. वर्गात आजवर एवढंच सांगत आलोय: डीएनएची चार अक्षरं (बेस) ए, टी, जी, सी; ए समोर टी, दोन हायड्रोजन बंध, जी समोर सी, तीन बंध, जोडी जुळली की डीएनएची नक्कल करणारं एंझाइम, डीएनए पॉलिमरेज, नवी साखळी वाढवतं. परवा मागच्या बाकावरचं एक पोरगं उठलं, "सर, जी आणि टी पण दोन बंध करतात की! मग ती जोडी का चालत नाही?" पोराचं बरोबर आहे. आणि नुसत्या बंधांच्या जोरावर निवड व्हायची तर शंभरात एखादी चूक व्हायला पाहिजे. हे एंझाइम साधारण लाखात एक चुकतं. मधली तफावत कुठनं भरून निघते? फळ्यावर काढून दाखवता येईल असं सांगा, गणित नको.

पीसीआरवाली
सर, बंध मोजू नका, आकार बघा. ए-टी असो की जी-सी, अक्षर ज्या साखरेला जोडलेलं असतं त्या एका बाजूच्या साखरेपासून समोरच्या साखरेपर्यंतचं अंतर साधारण १०.५ अँगस्ट्रॉमच. जी-टीला बंध करायचे तर दोघांना जागेवरून सरकावं लागतं: टी डीएनएच्या पिळातल्या मोठ्या खाचेकडे, जी लहान खाचेकडे. फळ्यावर नेमकं हेच काढा. चप्पल शिवणारा पाय कुणाचा ते बघत नाही, माप बघतो, तसलाच हा प्रकार. माप जुळलं की एंझाइमची 'बोटं' (खरंच तसंच म्हणतात) मिटतात आणि जोडणी होते. सरकलेल्या जोडीवर ती नीट मिटत नाहीत, जोडणी रेंगाळते, तोवर न्यूक्लिओटाइड (अक्षर धरून येणारा साखळीचा सुटा घटक) निसटून जातो.
पुरावा पाहिजे तर रसायनशास्त्रज्ञ एरिक कूल यांच्या गटाचा १९९७ चा प्रयोग सांगा. त्यांनी टीच्याच आकाराचा, पण हायड्रोजन बंध जवळजवळ न करणारा रेणू बनवला. पॉलिमरेजनं तो ए समोर बिनदिक्कत घेतला. माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग.

रंकाळ्याचा वारा
म्हणजे बंध शोभेपुरतेच म्हणायचे?

पीसीआरवाली
नाही हो, एवढं ताणू नका. खराब झालेल्या डीएनएवरून रेटून पुढं जाणारी काही पॉलिमरेज असतात, त्यांची जागा ऐसपैस, माप ढिलं. त्यांचं बंधांशिवाय फारसं चालत नाही. ती चुकतातही जास्त.

राजारामपुरीकर
झकास! आणि लाखातली ती एक चूक बसलीच तर?

पीसीआरवाली
चुकीच्या जोडीनंतर पुढचा न्यूक्लिओटाइड जोडताना एंझाइम अडखळतं. तेवढ्यात नव्या साखळीचं टोक उसवतं आणि त्याच एंझाइमच्या दुसऱ्या कप्प्यात जातं. तिथं चुकीचं अक्षर छाटलं जातं. यानं चुका आणखी शंभरेक पटीनं घटतात. त्यातूनही सुटलेल्या नंतर दुरुस्तीची वेगळी यंत्रणा पकडते. ई. कोलाय या जिवाणूमध्ये जुन्या साखळीवर मिथाइलची खूण असते, नवीवर ती अजून लागलेली नसते, म्हणून कुठली साखळी दुरुस्त करायची ते कळतं. एवढं झाल्यावर चूक राहते ती अब्जात एखादी. पॉल मॉड्रिच यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं ते याच दुरुस्तीच्या कामासाठी.
पोरांना लॅब दाखवणार असाल तर एक सांगा: पीसीआरमधल्या (नळीत डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याच्या पद्धतीतल्या) टॅक पॉलिमरेजकडे चालू छाटणीचा कप्पा नसतो, पीएफयू या दुसऱ्या पॉलिमरेजकडे असतो. जेलवर डीएनएचा नुसता पट्टा दिसायला हवा तर टॅक पुरतं. जनुक क्लोन करायचं असेल तर पीएफयूच घ्या, महाग पडलं तरी.