विमानामागची पांढरी रेघ : फवारणी की गोठलेली वाफ?

उत्तरवारा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आत्याने एक व्हिडिओ टाकला. अमेरिकेतलं आकाश, त्यात उभ्याआडव्या पांढऱ्या रेघा, आणि विमानांतून अ‍ॅल्युमिनियम-बेरियम फवारून लोकांना आजारी पाडतात असा दावा. याला 'केमट्रेल' म्हणतात. आत्या इतकी घाबरलीय की तिने गच्चीवर कुरडया घालणं बंद केलं. म्हणून हा धागा.

विमानाचं इंधन रॉकेलच्याच जातीचं. एक किलो जळलं की साधारण सव्वा किलो पाण्याची वाफ होते. दहा किलोमीटर उंचीवर तापमान उणे 40 अंशांच्याही खाली असतं. धुरातल्या काजळीच्या कणांवर ही वाफ धरते, गोठते आणि रेघ उमटते. वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते. हवेत आधीच भरपूर ओल असेल तर तीच रेघ तासन्‌तास टिकते, पसरते, पातळ ढगासारखी होते. "पूर्वी रेघा लगेच विरायच्या" असं व्हिडिओत म्हटलंय, ते खोटं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर चाललेल्या बी-17 बॉम्बर विमानांचे फोटो बघा, अख्खं आकाश रेघांनी भरलेलं दिसेल. रेघ कधी उमटते याचं गणित जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट श्मिट यांनी 1941 सालीच मांडलं होतं.

माणदेशी

विज्ञान मान्य. पण घाबरणाऱ्याला अडाणी ठरवू नका. 1967 ते 1972 या काळात अमेरिकी सैन्याने व्हिएतनाम युद्धात हो ची मिन्ह मार्गावरच्या (उत्तर व्हिएतनामची रसद याच वाटांनी जायची) ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडलं. पाऊस वाढावा, वाटा चिखलात जाव्यात, एवढ्यासाठी. 'ऑपरेशन पोपाय' नाव त्याचं. 1972 मध्ये संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे ते नाकारलं होतं! पुढे 1996 साली अमेरिकी हवाई दलासाठी लिहिलेल्या एका अभ्यासात 2025 पर्यंत हवामान ताब्यात घेण्याची भाषा होती. मग माणसं का विश्वास ठेवतील?

आमच्याकडे ढग भरून आले आणि नुसतेच निघून गेले की लोक म्हणतात, विमानाने पळवले. पेरणी वाया गेलेल्या माणसाला तुम्ही काजळीचे कण समजावणार?

उत्तरवारा

दादा, अडाणी कुणालाच म्हटलं नाही, आत्याला तर नाहीच. पण पोपाय उघडं पडलं ते पत्रकारांमुळे आणि सिनेटच्या चौकशीमुळे. त्यानंतर हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करू नये असा आंतरराष्ट्रीय करार झाला, 1978 पासून तो लागू आहे. रोज हजारो विमानांतून फवारणी चालली असती तर इंधन भरणारे, दुरुस्ती करणारे, वैमानिक, यांतलं कुणीच बोललं नसतं का? 2016 च्या एका पाहणीत वातावरण आणि भू-रसायनाच्या 77 तज्ज्ञांना विचारलं गेलं. 76 जण म्हणाले, गुप्त फवारणीचा पुरावा आम्हाला आढळला नाही.

ढग पळवण्याचं म्हणाल तर आपल्याकडचा प्रयोग नेमका उलटा होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर भागात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. पंखाला लावलेल्या नळकांड्यांतून कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगाच्या तळाशी सोडायचे, म्हणजे थेंब मोठे होऊन पाऊस पडायला मदत होते. त्याचे निष्कर्ष उघड छापले गेले. ती विमानं ढगाच्या तळाशी फिरतात. व्हिडिओतल्या रेघा त्याच्या कितीतरी वर.

धूसर

मी दोघांशीही असहमत. उत्तरवारा, तुम्ही रेघेला नुसती गोठलेली वाफ म्हणून सोडून देताय, तिथेच घोटाळा होतो. या रेघांचे पसरट ढग जमिनीची उष्णता अडवतात. 2021 च्या एका मोठ्या अभ्यासानुसार विमान वाहतुकीच्या कार्बन डायऑक्साइडचा तापवणारा परिणाम दर चौरस मीटरला सुमारे 34 मिलिवॅट, तर या ढगांचा सुमारे 57. दुसऱ्या आकड्यात अनिश्चितता बरीच आहे, तरी तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. शिवाय हे कमी करता येतं. गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने 70 उड्डाणांत दमट थर टाळून उंची बदलली, तर रेघा 54 टक्के कमी झाल्या.

दुसरी गोष्ट, सूर्यप्रकाश परतवण्याचे प्रस्ताव खरोखर आहेत आणि ते उघडपणे मांडले जातात. 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याचा गंधकवायू वरच्या थरात गेला आणि पृथ्वी जवळपास अर्धा अंश थंड झाली. तेच विमानांनी करावं असं काही शास्त्रज्ञ सुचवतात. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या गटाला स्वीडनमध्ये 2021 साली नुसतं उपकरण तपासायचं होतं, तर तिथल्या सामी या मूळनिवासी लोकांनी विरोध केला आणि चाचणी थांबली. 2024 मध्ये तो प्रकल्पच बंद झाला. दुसरीकडे एका खासगी कंपनीने मेक्सिकोत परवानगी न घेता गंधकवायू भरलेले फुगे सोडले आणि तिथल्या सरकारला बंदी जाहीर करावी लागली.

एकाच गोलार्धात असे कण सोडले तर पावसाचे पट्टे सरकतात. आपलं सगळं मान्सूनवर. खरी भीती इथे आहे, आणि ती केमट्रेलच्या गोंगाटात कुणाला ऐकूच येत नाही.

माणदेशी

मग माझंच म्हणणं झालं की! आज फवारणी होत नाही, हे मी मानतो. उद्या कुणी करायला निघालं तर आमच्या पावसाचा निर्णय कोण घेणार? सामी लोकांना 'नको' म्हणता आलं. आम्हाला कुणी विचारणार आहे का?

उत्तरवारा

धूसर, 'नुसती वाफ' ही माझी चूक, मान्य. माणदेशी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण केमट्रेलचा दावा मात्र मी मानणार नाही. आत्याला रविवारी भेटतोय. कुरडया वाळत घाल म्हणून सांगणार आहे, आणि पिनाटुबोचंही सांगणार आहे.