मदत हवी आहे: बेटांवरच्या गाणाऱ्या पक्ष्यांची मांडणी कुळानुसार करू की ऱ्हासाच्या कारणानुसार?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या आठवी-नववीच्या मुलांबरोबर मी एक भित्तिप्रदर्शन करते आहे. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहून आल्यापासून मुलांच्या डोक्यात एकच विषय आहे: बेटांवरचे गाणारे पक्षी, काही कायमचे गेलेले, काही कसेबसे तगलेले.

कुळानुसार जोड्या लावल्या तर मुलांना ओळख पटकन पटते. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरचा चष्मेवाला आपल्या बागेतल्या चष्मेवाल्याचाच भाऊबंद. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीबरोबर आलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तिथली जंगलं मुकी केली. 1983 नंतर तो पक्षी दिसला नाही. शेजारच्या रोटा बेटावर सापाने बस्तान बसवलेलं नाही आणि तिथला चष्मेवाला अजून आहे. याहून बोलकी जोडी मला सापडलेली नाही.

पण हवाई बेटांकडे वळलं की ही पद्धत अपुरी पडते. तिथल्या काउआई बेटावरचा ओओ हा पक्षी 1987 मध्ये शेवटचा ऐकू आला. त्याचं अख्खं कुळच संपलं, मग जोडीला कोण ठेवायचं? कारण धरलं तर माउई बेटावरचा किविकिउ हा पक्षी शेजारी येतो. तो दोनशेहूनही कमी उरलाय, आणि धोका तोच, डासांमुळे पसरणारा पक्ष्यांचा मलेरिया. हा डास आपल्या गटारांत वाढणारा क्युलेक्सच, हे मुलांना नक्की भिडेल. थंड डोंगरमाथ्यावर तो पोचत नसे. आता हवा तापतेय तसा वर सरकतोय.

आणि सावरलेल्यांचं काय करू? न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरचे काळे रॉबिन 1980 मध्ये फक्त 5 होते, पिल्लं वाढवू शकणारी मादी एकच. तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांकडून उबवून घेतली आणि आज दोनशेहून जास्त रॉबिन आहेत. सेशेल्सचा दयाळही पंधराएकांवरून काही शेकड्यांवर आलाय. ‘नामशेष’ आणि ‘संकटात’ असे दोनच रकाने केले तर ही मेहनत दिसतच नाही. कुणी असं प्रदर्शन केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, कारणच धरा. साप, डास, उंदीर असे तीन फलक करा. उंदरांसाठी ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाव बेट घ्या. 1918 मध्ये एक जहाज अडकलं, उंदीर उतरले आणि तिथला कस्तुर संपला. प्रत्येक फलकावर ‘उपाय’ हा रकाना हवाच. माउईवर 2023 पासून खास नर डास सोडतात, त्यांच्याशी मीलन झालेल्या माद्यांची अंडी फुटत नाहीत. रॉबिन आणि दयाळ फलकांच्या मधोमध, मोठ्या चित्रांसकट लावा.